न्यायला येणारं माणूस

फ्रेंचच्या पुस्तकातला सुट्टीचा धडा येईपर्यंत माझं त्या भाषेशी बरं चाललं होतं. नाव सांगता येत होतं, वय सांगता येत होतं, बाजारात जाऊन अर्धा किलो टोमॅटो मागता येत होते. फ्रान्समध्ये मला टोमॅटो आणायला कुणी पाठवणार नव्हतं, पण ते असो. मग हा धडा आला. चित्रात एका गाडीच्या टपावर सामान बांधलेलं, शेजारी आईबाप आणि दोन गोरी पोरं उगाचच हसत उभी. खाली प्रश्न होते. गेल्या सुट्टीत तुम्ही कुठं गेलात? कसे गेलात? कुठं राहिलात? तिथं काय काय केलंत? मी पेन घेऊन बसले आणि पहिल्याच प्रश्नाला अडकले.

फ्रेंच शिकायचं खूळ पप्पांचं. त्यांची टुरिस्ट गाडी आहे. विमानतळावरून नाहीतर हॉटेलातून लोकांना उचलायचं, वेरूळ दाखवायचं, अजिंठा दाखवायचा, वाटेत पैठणीच्या दुकानात थांबवायचं आणि परत सोडायचं. इंग्रजी बोलणारे गाइड ढिगानं, पण फ्रेंचवाला मिळता मिळत नाही, हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मी त्यांच्या तावडीत सापडले. संध्याकाळचा वर्ग होता, वर्षभराचा. शेवटी लेखी पेपर आणि एक तोंडी परीक्षा. तोंडी परीक्षेत सुट्टीवर बोलावंच लागतं, असं मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

आणि आमच्या घरात सुट्टी नावाचा प्रकारच नव्हता. म्हणजे शाळेला होती, कॉलेजला होती, पण घराला नव्हती. दिवाळी आणि नाताळ म्हणजे लोकांच्या सुट्ट्या, म्हणून पप्पांची धावपळ. सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ बंद असतं, पप्पा मात्र दोन्ही दिवस चालू. उरली आई. तिला विचारलं की सुट्टी म्हणजे काय गं, तर ती म्हणायची, "नळाला पाणी येत नाय त्या दिवशी जरा बरं असतं." आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, आठवड्यानं कधीतरी येतं. त्या हिशोबानं आईला पुष्कळच सुट्ट्या मिळत होत्या म्हणायच्या.

वर्गात बाकी कुणाला अडचण दिसत नव्हती. सगळे वहीतल्या वहीत धडाधड समुद्रावर जात होते. एकजण कॅनडाला जायच्या तयारीत होता, तो आईवडिलांसोबत नीस शहरी राहून आला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, नातवाशी बोलता यावं म्हणून शिकत होते. ते आल्प्सच्या बर्फावर घसरले. मीही मग पॅरिसला एका हॉटेलात उतरले, खिडकीतून टॉवर दिसला, मजा आली. मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "परीक्षा घ्यायला पुण्याहून फ्रेंच बाई येते. तिला पॅरिस माहीत आहे. तिला तुमचं काहीतरी खरं सांगा, नाहीतर ती झोपून जाईल."

खरं म्हणजे काय, या विचारानं मी दोन-चार दिवस भंजाळून गेले. मागं मागं जाऊन पाहिलं, तर आमच्या घरातून सामान घेऊन राहायला कुणी गेल्याचं एकच चित्र डोळ्यांपुढं येत होतं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मामा यायचा. आईचं माहेर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. मामा आईपेक्षा लहान. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत कोवळी कणसं. आल्या आल्या म्हणायचा, "आक्के, आवर." आई त्याच्यावर खेकसायची, "आत्ता आलास, लगीच काय आवर? माझं घर हाय का धर्मशाळा?" आणि तिची पिशवी तर कालपासूनच भरून पलंगाखाली ठेवलेली असायची. मी लहान होते तोवर मलाही सोबत नेत. तिथं झाडाला दोर बांधून झोका, हाताला मेंदी, वारुळाला जायचं, बायकांचा फेर, गाणी. आई झोक्यावर उभी राहून इतका उंच झोका घ्यायची की मला भीती वाटायची. इथं शहरात तीच बाई जिना चढतानाही कठड्याला धरून चढते.

मग मामा वारला. धडधाकट माणूस, शेतातून आला, पाणी मागितलं आणि गेला. त्यानंतर आई पंचमीला गेली नाही. आधी सुतक म्हणून गेली नाही, पुढच्या वर्षी माझी बारावी म्हणून, आणि मग काही कारणच राहिलं नाही, तरी गेली नाही. पंचमी जवळ आली की मात्र तिचं तंत्र बिघडायचं. भाजीत मीठ जास्त, बोलण्यात तिखट जास्त. आदल्या दिवशी दुपारभर गॅलरीत उभी राहायची आणि कशाला उभी आहेस विचारलं की म्हणायची, "कपडे वाळलेत का बघते." श्रावणात कुठले आलेत कपडे वाळायला. मला वाटायचं, तिला भावाची आठवण येत असेल. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं, आणि तेवढंच नव्हतं हे मला फ्रेंचमुळं कळलं.

तोंडी परीक्षेला मी आईची पंचमीची सुट्टी सांगायचं ठरवलं. मॅडमच्या मदतीनं वाक्यं बसवली. माझी आई दरवर्षी आपल्या आईवडिलांच्या गावी जायची. ती बसनं जायची. ती झोका खेळायची, गाणी म्हणायची. आता ती जात नाही. शेवटचं वाक्य मी नकारार्थी क्रियापदाचा सराव म्हणून घातलं होतं, मनात दुसरं काही नव्हतं.

परीक्षा घेणारी बाई पन्नाशीची, केस कापलेले, सुती कुडता घातलेला. झोका ऐकल्यावर तिचे डोळे चमकले. मी मनात म्हटलं, जिंकलं. आणि मग तिनं शेवटचं वाक्य धरलं. आता का जात नाही?

मी म्हटलं, तिचा भाऊ वारला.

अरेरे, ती म्हणाली. घर विकलं का?

नाही, घर आहे. मामाची बायको तिथंच राहते.

मग त्यांचं भांडण झालं आहे का?

नाही. फोन करतात. सणाला बोलतात.

बस मिळत नाही?

तासातासाला मिळते. बायकांना तिकीटसुद्धा अर्धं आहे. हे मी जरा अभिमानानं सांगितलं, कारण 'अर्धं' हा शब्द मला वेळेवर आठवला होता.

बाईनं पेन खाली ठेवलं. ती मला अडकवत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मग ती का जात नाही? तिला जायचं नाही का?

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. बाईला वाटलं, मुलीला शब्द सापडत नाहीत. तिनं हळू बोलून धीर दिला, सावकाश सांग म्हणाली. पण मला फ्रेंच सापडत नव्हतं असं नाही, मला मराठीसुद्धा सापडत नव्हतं. एवढा साधा प्रश्न. बस आहे, घर आहे, माणसं आहेत, भांडण नाही, पैशांची अडचण नाही, आणि आई जात नाही. मी शेवटी "मला माहीत नाही" हे अगदी शुद्ध फ्रेंचमध्ये म्हटलं. बाहेर आल्यावर बँकेतल्या काकांनी विचारलं, कसा गेला पेपर? मी म्हटलं, पास होईन बहुतेक, पण डोकं फिरलंय.

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. आईला पाठवायचंच. पंचमी आठ-दहा दिवसांवर होती. धडा पाठ असल्यामुळं आखणी झकास जमली. कुठं, तर माहेरी. कसं, तर सकाळची बस, मग कन्नडहून गावापर्यंत जीप. राहायचं कुठं, प्रश्नच नाही. मी आईची पिशवी काढली, तिच्या दोन चांगल्या साड्या घडी करून भरल्या आणि संध्याकाळी तिच्यापुढं नेऊन ठेवली. म्हटलं, "यंदा पंचमीला तू माहेरी जातीयेस. मी स्टँडवर सोडते, बसमध्ये बसवून देते. घरचं मी बघते."

मला वाटलं होतं, हसेल. निदान नको नको म्हणत तयार होईल. आईनं पिशवीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मी घाबरले.

"मी काय टाकलेली हाय का?" ती म्हणाली. "आपली आपण उठून माहेरी जायला?"

"अगं, त्यात काय? सगळेच जातात."

"जात असतील. मी नाय जायची." तिनं साड्या बाहेर काढल्या, कपाटात ठेवल्या आणि कपाटाचं दार जरा जोरातच लावलं. रात्री जेवताना तिनं मला भाकरी वाढली, पण 'आणखी घे' म्हटलं नाही. आमच्याकडं हा मोठा राग असतो.

माझा घोटाळा पप्पांनी सोडवला, म्हणजे त्यांच्या परीनं. सकाळी ते खाली गाडी पुसत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, मुराळी नको का?"

मुराळी हा शब्द मला माहीत होता. लेकीला सासरहून न्यायला माहेरचा जो माणूस येतो, तो मुराळी. पण मला तो मामाच्या येण्यासाठीचा एक लाडाचा शब्द वाटायचा. मामा आम्हाला भेटायला येतो आणि जाताना आईला घेऊन जातो, असंच मी समजून चालले होते. पप्पा म्हणाले, तसं नाही. न्यायला कुणी आलं म्हणजे त्या घराला तू हवी आहेस. कुणी आलं नाही, तरी तू गेलीस, तर गाव तोंडावर काही बोलत नाही, पण बघतं.

"मग तुम्ही सोडा की गाडीतून."

पप्पा हसले. "मी? नवरा बायकोला माहेरी सोडून गेला, तर लोक काय समजतील? दुपारपर्यंत अख्खा गाव विचारायला येईल, काय झालं म्हणून."

मला काही सुधरेना. रागही आला. आई शिकलेली नाही असं नाही, दहावीपर्यंत शिकली आहे. मोबाइलवरून वीजबिल भरते. सोसायटीत पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायला तीच पुढं असते. आणि अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असलेल्या गावाला जायला तिला कुणीतरी येऊन हात धरायला हवा? मी तिच्यावर चिडले होते आणि तिची दयाही येत होती, आणि दोन्हींतलं खरं कुठलं ते ठरवता येत नव्हतं. ती गॅलरीत उभी राहून खाली रस्त्याकडं काय बघायची, ते आता मला कळत होतं. ते कळायला नको होतं, असंही वाटलं.

मी मामाच्या मुलाला फोन लावला. तो चाकणला कंपनीत आहे. म्हणाला, "आत्याला म्हण, कधीबी ये, तुझंच घर हाय. मला विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं, तू ये ना न्यायला. तर त्याला पंचमीला रजा नव्हती, आणि तो खोटं बोलत नव्हता, मागून मशिनीचा आवाज येत होता.

मग राहिली मामी. तिला मी सणावारी नमस्कारापुरता फोन करायचे. तिनं उचलला आणि आधी सगळ्यांची खुशाली विचारून घेतली. मी सरळच म्हटलं, "मामी, आईला न्यायला तू ये."

"मी?" तिला हसूच आलं. "मी कशी यीन गं? मी पडले सून. न्यायला भाऊ जातो, नायतर भाचा. मी आले तर लोक हसतील, अन् आक्काला बी आवडायचं नाय."

"मग आई कधीच येणार नाही."

"आक्का बोलली का तसं?"

"ती काहीच बोलत नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारभर गॅलरीत उभी असते."

"दुपारभर?"

"हो."

मामी म्हणाली, "मला वाटलं, भाऊ गेला तशी आक्काची इथली ओढ बी गेली. मी बी म्हटलं, कशाला आग्रह करायचा. माझ्यासाठी कोण येतंय एवढ्या लांब." आणि "बरं, ठेव" म्हणून तिनं फोन ठेवला. यातून काय समजायचं ते मला समजलं नाही. येईन म्हणाली नव्हती, नाही येत असंही म्हणाली नव्हती. आईला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी आई जेवणं उरकून नेहमीप्रमाणं गॅलरीत गेली. आभाळ भरलेलं, दोरीवर एक पंचा. मी आत पुस्तक उघडून बसले होते, वाचत नव्हते. बऱ्याच वेळानं आई एकदम आत आली आणि म्हणाली, "तुझी मामी दिसती खाली. रिक्षातून उतरली. कोण गेलं गं?" आमच्याकडं माणूस न कळवता आलं, की आधी कोण गेलं तेच मनात येतं.

मामी जिना चढून आली. दम लागलेला, पदर डोक्यावरून घट्ट, हातात पिशवी. ती एकटी या शहरात पहिल्यांदाच आली होती. रिक्षावाल्यानं दोन चौक उगाच फिरवलं होतं. आई दारात उभी. आईनं तिच्याकडं पाहिलं आणि मग तिच्या खांद्यावरून मागं, जिन्याकडं पाहिलं. सवयच होती, मामीच्या पुढं नेहमी मामा असायचा नाहीतर मागून यायचा. जिन्यात कुणी नव्हतं. मामीला ते कळलं.

"कोण गेलं?" आईनं विचारलं.

"कोण नाय गेलं आक्का. न्यायला आले."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? तुमाला."

आईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. चहा टाकताना सुरू झाली. उद्या पाण्याचा दिवस आहे. टाकी कोण भरणार. यांचं जेवण. ही पोरगी तर गॅससुद्धा धड बंद करत नाही. मी बोलायला तोंड उघडलं, पण मामीनं मला हातानंच थांबवलं. तिनं आईचं सगळं ऐकून घेतलं, कपातला चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "लोक हसायचे ते हसूद्या. आता उठा."

आई आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी जाऊन पाहिलं, तर ती साडी छातीशी धरून पलंगावर बसली होती आणि रडत होती. मला बघून म्हणाली, "इस्त्री नाय कशालाच." मी तिच्याशेजारी बसले. मग मी तिची पिशवी भरली आणि या वेळी तिनं ती रिकामी केली नाही.

स्टँडवर कन्नडच्या गाडीला ही गर्दी. सणाच्या आदला दिवस, लेकीबाळी, पिशव्या, कडेवरची पोरं. बहुतेक बायकांसोबत कुणी ना कुणी पुरुष होता. मामीनं कुठून बळ आणलं माहीत नाही, तिनं दोन जागा धरल्या, खिडकीची आईला दिली आणि कंडक्टरला खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन अर्धी, कन्नड." मी खाली खिडकीशी उभी राहिले. आईच्या सूचना चालू होत्या. दूध तापव, पप्पांची बीपीची गोळी, दार नीट लाव. मी हो हो म्हणत होते.

कंडक्टरनं दार ओढलं तशी ती थांबली आणि खिडकीच्या गजातून हात काढून तिनं माझं मनगट धरलं.

"तुला भाऊ नाय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. तुला कुठंबी दिली, तरी दर पंचमीला मी येत जाईन न्यायला. माझं मी येईन. हसूद्यात लोक."

माझ्या लग्नाचा विषय त्या वेळी घरात कुणी काढलासुद्धा नव्हता. मला हसावं की काय करावं कळेना, आणि डोळे तर भरून आले होते. गाडी सुरू झाली, हलली. मी सोबत चालू लागले. आईनं मनगट सोडलं नव्हतं.

"अन् मी नसले," ती म्हणाली, "तर कुणाची वाट बघत उभी राहू नको. बस धरायची अन् यायचं."

मी मान हलवली. मग तिचा हात सुटला. ती नसेल तर मी यायचं कुणाकडं, हे विचारायचं मला सुचलं तोवर गाडी स्टँडच्या बाहेर पडली होती.